पट्टीबदल

एखाद्या रचनेतील स्वरांची परस्परांतरे कायम ठेवून ती वेगळ्या आधारस्वरावरून गाणे वा वाजविणे. भारतीय संगीतातील स्वरनामे षड्जसापेक्ष असल्याने पट्टी बदलली, तरी स्वरलेखन तेच राहते. तंबोरा व तबला मात्र नव्या षड्जाला जुळवून घ्यावे लागतात. हार्मोनियमवर काळी एकमधील रचना काळी चारमध्ये नेताना प्रत्येक स्वर ७ अर्धस्वरांनी वर सरकतो व बोटांची ठेवण बदलते. पाश्चात्त्य स्वरनामे निरपेक्ष असल्याने तेथे रचना नव्याने लिहावी लागते. उदा., बी फ्लॅट क्लॅरिनेटमधून लिहिल्यापेक्षा एक पूर्णस्वर खालचा नाद निघतो. म्हणून ‘सी’ ऐकू येण्यासाठी ‘डी’ लिहितात.

सर्व पट्ट्या सारख्याच उपयोगी पडाव्यात, म्हणून हार्मोनियम, पियानो इ. वाद्यांत सप्तकाचे १२ समान भाग करतात. तथापि दर सेकंदास २४० कंपनांच्या षड्जाचा नैसर्गिक शुद्ध गांधार ५:४ या प्रमाणानुसार ३०० कंपनांचा असतो, तर समविभाजित सप्तकात तो सु. ३०२·४ कंपनांचा येतो. तंबोऱ्याच्या साथीत हा चढेपणा जाणकारांना खटकतो. एकाच षड्जाला नैसर्गिक स्वरांत जुळविलेल्या पेटीत हा दोष नसतो. परंतु इतर पट्ट्यांत तिचे काही स्वर बेसूर ठरतात.