ढोलाची थाप आणि मेंदूचा पडसाद

अक्कलकुवा तालुक्यातील काठीची राजवाडी होळी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ढोलाचा घुमारा माहीत असेल. थाप क्षणात पडते, पण नाद मागे रेंगाळतो. थापा भराभर पडू लागल्या की कोणता नाद कोणत्या थापेचा, हे कळेनासे होते. मेंदूच्या एफएमआरआय चाचणीत शास्त्रज्ञांपुढे हीच अडचण असते.

या चाचणीत माणसाचे विचार दिसतात, असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात दिसतो तो रक्तातील बदल. प्राणवायू सोडून दिलेले हिमोग्लोबिन चुंबकीय क्षेत्रात निराळे वागते, याचा उपयोग सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये उंदरांच्या मेंदूवर करून दाखवला. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिकडे जादा रक्त धावते. पण ते सावकाश! चित्र दाखवल्यावर मज्जापेशी सेकंदाच्या आत जाग्या होतात. रक्ताचा संकेत शिगेला पोचायला पाच-सहा सेकंद लागतात आणि ओसरायला आणखी दहा-पंधरा. शिवाय हा बदल जेमतेम एखाद्या टक्क्याचा. म्हणून तेच काम पुन्हा पुन्हा करून घ्यावे लागते. चौपट वेळा केले, तर स्पष्टता दुप्पट होते.

आता दहा मिनिटांचा हिशेब करू. दर २० सेकंदांनी एक चित्र दाखवले, तर लाटा सुट्या दिसतात, पण चित्रे होतात फक्त ३०, आणि यंत्रात निजलेला माणूस पेंगू लागतो. दर दोन सेकंदांनी दाखवले तर ३०० होतात. मात्र लाटा एकमेकींत मिसळून सपाट पाणी दिसते. यावर १९९० च्या दशकाच्या अखेरीस अँडर्स डेल आदींनी तोड काढली: मधले अंतर मुद्दाम अनियमित ठेवायचे. कधी दोन सेकंद, कधी पाच, कधी नऊ. लाटांची बेरीज बऱ्याच अंशी साधी असते, त्यामुळे संगणक प्रत्येक लाट वेगळी काढू शकतो. केवळ 'येथे काही घडते का' एवढेच पाहायचे असेल, तर १५-२० सेकंद सलग काम आणि तितकीच विश्रांती हा जुना प्रकार अजूनही सरस ठरतो. लाटेचा आकार हवा असेल, तर मात्र अनियमितपणाच हवा.

नंदुरबारच्या वाचकांना हे परके वाटू नये. आपल्या जिल्ह्यात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. या आजारात हिमोग्लोबिन कमी असते आणि ती उणीव भरून काढण्यासाठी मेंदूकडे मुळातच जादा रक्त वाहत असते. मग आणखी वाढायला वाव थोडाच. अशा मुलांच्या तपासण्यांत संकेत क्षीण आढळला आहे. तो पाहून मुलाचा मेंदू मंद चालतो असे म्हणणे हा अन्यायच होय. मंद आहे ती लाट. सिकलसेलमुळे मेंदूला नकळत इजा होऊ शकते हे खरे, पण ती साध्या एमआरआयमध्ये वेगळी तपासावी लागते. रक्तवाहिन्या किती प्रतिसाद देतात हे पाहण्यासाठी काही ठिकाणी आधी थोडे सेकंद श्वास रोखायला सांगतात, आणि त्या मापाशी पुढचे आकडे ताडून पाहतात.