आवाज मागून येतो, पण नेमका कुठून?



या पानावर दर खेपेस लागण, खोडवा, खत-पाणी याविषयी लिहितो. या वेळी विषय थोडा वेगळा आहे. पण गाडी शेवटी आपल्या बांधावरच येऊन थांबणार आहे, तेव्हा वाचावे ही विनंती.

आमच्या मामांची जुनी अँबॅसॅडर गोठ्याशेजारच्या छपरात बरीच वर्षे पडून होती. ही गाडी इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली. उत्तरपाड्याच्या कारखान्यात तिचे उत्पादन २०१४ साली थांबले. दोन वर्षे खपून मी ती उभी केली. पत्रा, रंग, गाद्या, इंजिन सगळे झाले आणि पहिल्याच फेरीत ताशी पन्नासच्या वेगाला मागून ‘हूंऽऽ’ असा आवाज सुरू झाला.

तालुक्याच्या मिस्त्रींनी दोन मिनिटे ऐकून निकाल दिला, “साहेब, क्राऊन-पिनियन गेलं. बदलून टाका.” मीही मान डोलावली. भंगारातून दुसरी जोडी आणून बसवली. घरच्या उसाच्या बिलातले बरेच पैसे त्यात गेले. आवाज मात्र होता तसाच!

पंधरा दिवसांनी मामींना घेऊन घाट उतरत होतो. ब्रेक दाबला, तशी गाडी एका अंगाला ओढली गेली आणि कठड्याला घासता घासता राहिली. मामी काही बोलल्या नाहीत, पण त्यांचा हात घरी येईपर्यंत दाराच्या मुठीवरच होता. दुसऱ्या दिवशी मागचे डावे चाक काढले. बेअरिंगच्या कड्यावर खड्डे पडलेले, त्याच्या खेळाने ऑइल सील फाटलेले आणि ॲक्सलचे तेल ब्रेकच्या लायनरवर पसरलेले. दुखणे चाकात होते, आम्ही पोट फाडले होते.

त्यानंतर मी तपासणीचा क्रम ठरवून घेतला, तो असा :

१) आधी टायर. डांबरी रस्ता बदलला की आवाज बदलतो काय? बदलत असेल तर टायरवर संशय घ्यावा. हवा आणि झीज पाहावी.

२) मोकळ्या, सपाट रस्त्यावर वेगात असताना गिअर न्यूट्रल करावा, पण इंजिन बंद करू नये. आवाज तसाच राहिला तर तो इंजिनचा नव्हे.

३) रस्ता रिकामा पाहून सावकाश डावी-उजवीकडे वळण घ्यावे. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकावर येतो. तेव्हा आवाज वाढला तर बहुधा डावे बेअरिंग. माझा आवाज नेमका असाच होता!

४) पेडल दाबले की हुंकार आणि सोडले की बंद, किंवा त्याच्या उलट, असे असेल तर मात्र क्राऊन-पिनियन किंवा पिनियनचे बेअरिंग पाहावे. ही दोन चाके जोडीने घासून जुळवलेली असतात. एक जुने, एक नवे असे चालत नाही, आणि जोडी बसवताना दात्यांचा खेळ मापाने ठेवावा लागतो.

५) गाडी सुटताना ‘खट्’ वाजले तर शाफ्टचे जॉइंट क्रॉस बघावेत. फक्त वळणावरच आवाज आला तर डिफरन्शियलच्या आतले छोटे गिअर.

६) तेल काढून बोटावर घ्यावे. बारीक करडी राख चालते. चकाकणारे तुकडे आले तर मुकाट्याने खोलावे. भरताना हायपॉइड गिअरचे ९० नंबरचे ईपी तेलच भरावे आणि वरचे श्वासाचे भोक साफ करावे. ते बुजले तर तेल सीलमधून बाहेर पडते.

चाक हाताने फिरवून पाहायचे तर पुढच्या चाकांना लाकडी ओंडके लावावेत आणि गाडी घोडीवर घ्यावी. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली कोणी जाऊ नये. एकच चाक उचलून, इंजिन चालू ठेवून गिअर टाकू नये; गाडी उडी मारते.

आता बांधावर येऊ. उसाचे पान पिवळे दिसले की आपण काय करतो? युरियाची गोणी फोडतो. पण खालची जुनी पाने आधी पिवळी पडली तर नत्राची उणीव, आणि कोवळी पाने पिवळी पण शिरा हिरव्या असतील तर, विशेषतः चुनखडीच्या रानात, लोहाची. पाणी साचूनही पिवळेपणा येतो. तिन्हींचा इलाज वेगळा. गोणी फोडायच्या आधी पान हातात घेऊन पाहावे, मुळाशी खुरपे घालावे, शंका असेल तर ऊसविकास विभागाला बोलवावे.

आणि हो, उसाने भरलेली ट्रॉली रस्त्यावर काढण्यापूर्वी चाक उचलून हाताने एकदा फिरवून पाहा. खरखर लागली तर ग्रीसवर भागवू नका.

मामींची समजूत निघाली आहे. आता गाडीत त्या पुढे बसतात आणि कानही माझ्यापेक्षा बारीक ठेवतात.

आपला,
ऊसविकास अधिकारी