बाईंच्या कपाटातली साखर

मधुमेह म्हटला की आपल्याला आठवतात ती घरातली वडीलधारी माणसं, त्यांचा बिनसाखरेचा चहा आणि पेढ्याकडे पाहून सोडलेला निःश्वास. पण मैत्रिणींनो, हा आजार तीन-चार वर्षांच्या मुलालाही होतो. हा प्रकार मात्र वेगळा, ‘टाईप वन’ म्हणतात तो. यात शरीराची संरक्षणव्यवस्थाच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. आईनं गोड खाऊ घातलं म्हणून तो होत नाही, की शेजारी बसल्यानं दुसऱ्याला लागत नाही. गोळ्यांवर भागत नाही. इन्सुलिन रोज घ्यावंच लागतं. १९२२ च्या जानेवारीत टोरांटो इथे १४ वर्षांच्या एका मुलाला ते पहिल्यांदा दिलं गेलं. त्याआधी अशी मुलं फार काळ जगत नसत. आज ती शिकतात, खेळतात, पुढे संसारही करतात.

मग बालवाडीत का पाठवू नये? जरूर पाठवावं! पण त्याआधी एक गैरसमज दूर करायला हवा. साखरेचा आजार म्हणजे मुलाला साखरेपासून जपायचं, एवढंच बहुतेकांना वाटतं. बालवाडीतल्या तीन-चार तासांत तातडीचा धोका बहुधा उलटा असतो, साखर एकदम उतरण्याचा. सकाळच्या इन्सुलिनचा जोर तेव्हा चालू असतो. अशा वेळी मूल खूप पळालं किंवा डबा तसाच राहिला, तर रक्तातली साखर झपाट्यानं खाली येते. म्हणून ज्या वर्गात असं मूल आहे, त्या बाईंच्या कपाटात साखर हवीच!

मी अर्धवेळ शिकवते, त्यामुळे बाईंची बाजूही जाणते. वर्गात तीस चिमुरडी. कुणी रडतंय, कुणाला शू लागलीय. ‘जरा लक्ष ठेवा हं,’ एवढं सांगून आई निघून गेली, तर बाईंनी नेमकं काय पाहायचं? म्हणून एका कागदावर ठळक अक्षरांत सगळं लिहून द्या. डॉक्टरांकडून तो तपासून घ्या. एक प्रत कपाटावर, एक दप्तरात आणि एक मदतनीस मावशींकडे ठेवा.

कागदावर काय असावं?

खुणा : घाम, हात थरथरणं, चेहरा पांढरा पडणं, एकाएकी भूक, पेंग. लहान मुलाला ‘मला कसंतरी होतंय’ असं सांगता येत नाही. ते उगाच हट्ट करतं, रडतं, नाहीतर गप्प कोपऱ्यात बसतं. बाईंना तो लहरीपणा वाटू शकतो, म्हणून हे आवर्जून लिहा.

उपाय : ग्लुकोमीटरवर आकडा ७० च्या खाली आला, की ताबडतोब साखर किंवा ग्लुकोजची पूड पाण्यात कालवून द्यायची. एवढ्या लहानग्याला साधारण एक-दोन चहाचे चमचे पुरतात. नेमकं प्रमाण डॉक्टरांना विचारा. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. मोजायला यंत्र हाताशी नसेल, तर वाट न पाहता साखर द्यायची. चॉकलेट किंवा तुपातला लाडू इथे कामाचा नाही, कारण स्निग्धतेमुळे साखर रक्तात उशिरा पोचते. मुलाला एकटं सोडायचं नाही, झोपूही द्यायचं नाही.

बेशुद्ध पडल्यास किंवा झटके आल्यास : तोंडात काहीही घालायचं नाही. कुशीवर वळवायचं आणि तडक दवाखाना गाठायचा. डॉक्टरांनी ग्लुकागॉन लिहून दिलं असेल, तर ते कसं द्यायचं हे आधीच शिकवून ठेवा.

शेवटी आई-बाबांचे, जवळच्या एका नातेवाइकाचे आणि डॉक्टरांचे फोन.

आणखी काही बारीकसारीक गोष्टी. बोट टोचण्यापूर्वी हात धुऊन पुसावेत. बोटाला केळं लागलेलं असलं, तरी आकडा खोटाच वर जातो. डबा उरला किंवा मैत्रिणीला वाटला गेला, तर बाईंनी लगेच कळवावं. साखर वाढली की तहान आणि लघवी वाढते. तेव्हा पाण्याला, बाहेर जायला अडवू नये. स्नेहसंमेलनाच्या तालमी, क्रीडास्पर्धा असल्या की आदल्या दिवशी निरोप मिळावा, म्हणजे खाणं आणि इन्सुलिन त्या बेतानं ठरवता येतं.

वाढदिवसाच्या खाऊचंही तसंच. सगळ्यांच्या हातात पेढा आणि हिचेच हात रिकामे, असं करू नका. आधी कळलं, तर पेढा हिशेबात धरता येतो. नाहीतर डब्यात ठेवून घरी जेवताना खाता येतो.

काही शाळा ‘आम्हाला जबाबदारी नको’ म्हणतात. अशा वेळी शांतपणे कागद पुढे ठेवावा. २०१७ साली सीबीएसईनं टाईप वन मधुमेह असलेल्या विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेतही खाण्याचे पदार्थ जवळ ठेवायची मुभा दिली. परीक्षेच्या खोलीत जे चालतं, ते बालवाडीत का चालू नये?

आणि ज्यांच्या मुलांना असं काही नाही, त्या मैत्रिणींना एक विनंती. ‘बिच्चारी’ म्हणून त्या मुलीकडे पाहू नका, आपल्या मुलाला तिच्यापासून दूर बसवू नका. तिला कीव नको आहे. खेळायला सोबती हवेत आणि वेळेला चमचाभर साखर देणारं जागरूक माणूस हवं.