वेळापत्रकातला शनिवार
(लेखमाला : परदेशातले शिकणे)

‘सर्व धर्मांच्या विद्यार्थ्यांचे स्वागत’ असे विद्यापीठे माहितीपत्रकात छापतात, आणि बहुतेकदा मनापासून छापतात. पण आपला धर्म पाळत तिथे राहता येईल की नाही, हे त्या वाक्यावरून कळत नाही. ते कळते तासांच्या वेळापत्रकावरून, वसतिगृहाच्या दाराच्या कुलपावरून आणि सामाईक स्वयंपाकघरातल्या भांड्यांवरून. परदेशी शिकणाऱ्या धर्मनिष्ठ ज्यू विद्यार्थ्याचे रोजचे जगणे त्याच्या श्रद्धेपेक्षा भोवतालच्या व्यवस्थेवर जास्त अवलंबून असते, आणि जी व्यवस्था आपण तटस्थ धरून चालतो ती तटस्थ नसते, असे माझे म्हणणे आहे. त्यासाठी ब्रिटनचे उदाहरण घेऊ.

शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो आणि शनिवारी रात्र पडल्यावर संपतो. तेवढ्या वेळात काटेकोर पाळणारा माणूस लिहीत नाही, वाहनात बसत नाही, विजेचे बटण दाबत नाही, पैशाला हात लावत नाही, रस्त्यावरून काही वाहून नेत नाही. मुंबईत सूर्यास्त वर्षभर सहा ते सव्वासातच्या आसपासच हलतो, त्यामुळे शुक्रवारची घडी एकदा बसली की बसली. एडिंबरोत डिसेंबरच्या मध्यावर पावणेचारच्या आधीच सूर्य मावळतो, आणि शब्बाथच्या मेणबत्त्या त्याच्या 18 मिनिटे आधी लावायच्या असतात. शुक्रवारी दोन ते पाचचे प्रात्यक्षिक असेल तर ते अर्ध्यावर सोडून निघावे लागते. जूनमध्ये, ऐन परीक्षांच्या दिवसांत, शब्बाथ संपेपर्यंत रात्रीचे अकरा वाजून जातात. सोमवारच्या पेपरची उजळणी वाचून करता येते, पण लिहून नाही. वसतिगृहावर परतल्यावर पुढची अडचण दाराची. आजकालच्या वसतिगृहांची दारे कार्ड टेकवून उघडतात आणि बोळातले दिवे माणसाची चाहूल लागताच आपोआप पेटतात. म्हणून असा विद्यार्थी खोली मागतानाच साधी लोखंडी किल्ली आणि तळमजला मागतो, शुक्रवारी दुपारी फ्रिजमधल्या दिव्याच्या खटक्यावर चिकटपट्टी लावतो, आणि बाहेर पडताना किल्ली खिशात न ठेवता कमरेच्या पट्ट्यात बकलासारखी ओवतो, म्हणजे ती ओझे न राहता पोशाखाचा भाग होते. खांब आणि तारांनी आखलेली ‘एरुव्ह’ नावाची हद्द असेल तिथे वस्तू नेता येतात. वायव्य लंडनमधली अशी हद्द बरीच वर्षे वाद चालून 2003 मध्ये सुरू झाली.

सणांचे गणित आणखी अवघड आहे. ज्यू पंचांगाचे महिने चंद्राचे आणि वर्ष सूर्याशी जुळवलेले. आपल्या अधिक मासासारखा जादा महिना त्यात 19 वर्षांत 7 वेळा येतो. त्यामुळे नववर्ष, योम किप्पुरचा उपवास आणि मांडवांचा सण हे सगळे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये 23 दिवसांच्या आत येतात, आणि त्यांतल्या 7 दिवशी काम वर्ज्य असते. इस्राएलबाहेर काही सण एक दिवस जास्त पाळतात, म्हणून तेल अवीवहून आलेल्याला हे दिवस घरच्यापेक्षा जास्तच सोडावे लागतात. ब्रिटनमध्ये शैक्षणिक वर्षाची सुरुवात नेमकी याच सुमारास होते. ओळखी होतात, गट पडतात, प्रयोगशाळेतले जोडीदार ठरतात, तेव्हा हा मुलगा वर्गात नसतो. ख्रिस्ती विद्यार्थ्याला नाताळसाठी अर्ज करावा लागत नाही, कारण नाताळ सुट्टीतच बसवलेला आहे आणि रविवार आठवड्यातच. ज्याचा सण कॅलेंडरात आधीपासून छापलेला आहे, त्याला कॅलेंडर धर्मनिरपेक्ष वाटते.

हे आजचे नाही. 1869 मध्ये नूमा हार्टॉग हा लंडनचा ज्यू तरुण केंब्रिजला गणिताच्या परीक्षेत पहिला येऊन सीनियर रँग्लर झाला. तीस वर्षांनी आपल्या रँग्लर परांजप्यांनी पटकावला तोच मान. पण अँग्लिकन चर्चला अनुसरून शपथ घेता येत नाही म्हणून ट्रिनिटी कॉलेजची फेलोशिप त्याला मिळू शकली नाही. 1871 च्या कायद्याने ती अट गेली. दार उघडले, आतले घड्याळ मात्र होते तसेच राहिले. उलट बाजूने पाहायचे तर रायगडातले बेने इस्राएल ज्यू आठवावेत. कोकणात घाण्यावर तेल गाळणाऱ्या या समाजाला गावाने ‘शनिवार तेली’ म्हटले, कारण त्यांचा घाणा शनिवारी बंद असे. शतकानुशतके तो शनिवार टिकला त्यामागे निष्ठा होतीच, पण घाणा स्वतःचा होता हेही होते. जू उतरवायचे की नाही, हे ठरवायला कोणाच्या सहीची गरज नव्हती. विद्यार्थ्याचा आठवडा त्याच्या मालकीचा नसतो.

यावर पहिला आक्षेप असा की, ज्या गावाला गेलो तिथली रीत पाळावी, सवलती कशाला? फ्रान्सने साधारण हीच भूमिका घेतली. तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने 1995 मध्ये एका ज्यू विद्यार्थ्याची शनिवारच्या कायमच्या सुटीची मागणी फेटाळली, कारण त्याच्या अभ्यासक्रमात शनिवारी वर्ग आणि चाचण्या होत्या. मात्र त्याच न्यायालयाने त्याच दिवशी असेही म्हटले की अभ्यासाच्या आड येत नसेल तर वैयक्तिक सवलत देता येते. म्हणजे सगळे घोडे ‘अभ्यासाच्या आड येते का’ या प्रश्नावर अडते, आणि तो प्रश्न तत्त्वाचा कमी, आखणीचा जास्त आहे. ब्रिटनच्या 2010 च्या समता कायद्याने ओझे संस्थेवर टाकले: सर्वांना सारखा दिसणारा नियम एखाद्या गटाला जास्त जाचत असेल, तर तो का आवश्यक आहे हे संस्थेने दाखवावे. मला हे जास्त न्याय्य वाटते, कारण खुलासा देण्याची पाळी ज्याच्या हातात वेळापत्रक आहे त्याच्यावर येते.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: आज शनिवार, उद्या शुक्रवारची नमाज, परवा दिवाळी, मग परीक्षा घ्यायच्या तरी कधी? एका तारखेत सगळे सण चुकवणे अशक्य आहे, हे मान्यच करायला हवे. पण मागणी परीक्षा रद्द करण्याची नसते, पर्यायाची असते. पेपर शनिवारी पडला तर तोच पेपर आधी किंवा नंतर देण्याची सोय काही ठिकाणी आहे. दोन्ही वेळांच्या मधल्या काळात परीक्षार्थी देखरेखीखाली राहतो, कोणाशी संपर्क नाही, फोन नाही. खर्च एका पर्यवेक्षकाचा. आणि ज्यू सणांच्या तारखा अनेक वर्षे आधी काढता येतात, त्यामुळे ‘ऐनवेळी कळले’ ही सबब इथे चालत नाही.

बहुसंख्य ज्यू विद्यार्थी एवढे कुठे पाळतात, असाही प्रश्न येतो. खरे आहे, अनेक जण शनिवारी चित्रपटाला जातात. पण शुक्रवार रात्रीच्या जेवणाला त्यांच्यातलेही पुष्कळ येतात, कारण जिथे ते जेवण असते ते परक्या गावात हक्काने जावे असे घर असते. पाळणाऱ्याला तर एकट्याने रांधणेही कठीण: ज्यू आहारनियमांप्रमाणे मांस आणि दुधाची भांडी वेगळी हवीत. सामाईक ओव्हन आणि मायक्रोवेव्हमध्ये ते कसे जमणार? सामुदायिक प्रार्थनेला, मृत आईवडिलांसाठी म्हणायच्या कद्दिशलाही, किमान दहा जण लागतात. खोलीचे दार लावून एकट्याने पाळण्याचा हा धर्म नव्हे. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात 1923 मध्ये ‘हिलेल’ ही विद्यार्थीसंस्था सुरू झाली ती या गरजेतून, आणि तिच्या दाराशी न पाळणारेही येतात. ऑक्टोबर 2023 मधला हमासचा इस्राएलवरचा हल्ला आणि त्यानंतरचे गाझातले युद्ध यांच्यानंतर अशा जेवणांचे पत्ते अनेक ठिकाणी नाव नोंदवणाऱ्यालाच कळवतात आणि दाराशी पहारा असतो. विद्यार्थ्याने जेवायला जाताना डोक्यावरच्या किप्पा या छोट्या धार्मिक टोपीवर साधी टोपी चढवावी लागणे ही मला शरमेची गोष्ट वाटते, मग त्याचे राजकीय मत काहीही असो.

या जागांचे मोल किती दूर पोहोचते, ते डॉ. जेरुशा झिराड यांच्याकडे पाहून कळते. बेने इस्राएल घरातल्या या बाई 1912 मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी लंडनला गेल्या आणि 1919 मध्ये त्यांनी तिथली एम.डी. मिळवली. लंडनमध्ये त्यांची उदारमतवादी ज्यू विचाराशी ओळख झाली. परत आल्यावर 1925 मध्ये त्यांनी मुंबईत ‘ज्यूइश रिलिजस युनियन’ स्थापन करण्यात पुढाकार घेतला.