लाख कोटी बाइट आणि सात पट्ट्या

एक टेराबाइटच्या हार्ड डिस्कमध्ये एक लाख कोटी बाइट मावतात, म्हणजे आठ लाख कोटी बिट. सेकंदाला एक या वेगानं ते मोजायला बसलं तर मोजणी संपायला सुमारे अडीच लाख वर्षं लागतील. चांदीच्या कामासाठी ओळखल्या जाणाऱ्या हुपरीतल्या एखाद्या दुकानाची बिलं, पैंजणांच्या डिझाइनचे फोटो, कारागिरांकडे दिलेल्या चांदीचा जमाखर्च, सगळं या तळहाताएवढ्या डब्यात बसतं आणि तरी तो अर्धाअधिक रिकामाच राहतो. मग एके दिवशी कॉम्प्युटर सुरू होतो, पण त्याला ही डिस्कच सापडत नाही.

आतला आकडा एवढा अवाढव्य, म्हणून बिघाडही तसाच अगम्य असणार असं वाटतं. प्रत्यक्षात अनेकदा तो नुसत्या डोळ्यांना दिसेल एवढा असतो. म्हणून शोध मापाच्या क्रमानं घ्यावा: आधी मिलिमीटर, मग बाइट, आणि नॅनोमीटर सगळ्यात शेवटी.

प्लग काढून सीपीयूचं झाकण उघडलं की साटा डिस्कला दोन केबल दिसतात. वीज आणणाऱ्या केबलच्या तोंडात पंधरा पट्ट्या असतात आणि डेटा नेणाऱ्या केबलच्या तोंडात फक्त सात. लाख कोटींची सगळी ये-जा या सातांवरून होते. साटाच्या तिसऱ्या पिढीत तारेवरून सेकंदाला सहाशे कोटी बिट धावतात. एका बिटाच्या वाट्याला जेवढा वेळ येतो, तेवढ्यात प्रकाशसुद्धा जेमतेम पाच सेंटिमीटर पुढं सरकतो. अर्ध्या मीटरच्या केबलमध्ये कोणत्याही क्षणी पंधराएक बिट वाटेतच असतात, आणि त्यांचा विजेचा दाब साधारण अर्ध्या व्होल्टचा. एवढ्या नाजूक वाहतुकीत तोंड किंचित सैल झालं किंवा धूळ बसली, तरी काम थांबतं. दोन्ही केबल काढून घट्ट बसवाव्यात, डेटाची केबल बदलून पाहावी, मदरबोर्डवरचं दुसरं सॉकेट वापरावं. मग कॉम्प्युटर सुरू करून डिस्क फिरल्याची हलकी घरघर येते का, हे कान देऊन ऐकावं.

इथं हुपरीकरांच्या ओळखीची एक गोष्ट आहे. डिस्क उलटी केली की तिच्या पाठीवर सर्किट बोर्ड दिसतो. चांदणीच्या खाचेचे स्क्रू काढून तो उचलला की आतल्या बाजूला छोटे छोटे धातूचे ठिपके असतात. त्यांच्यावर टेकलेल्या बारीक टोकांतून मोटर आणि डेटा वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या हेडशी संपर्क होतो. कित्येक जुन्या डिस्कमध्ये हे ठिपके काळपट झालेले आढळतात. बऱ्याच सर्किट बोर्डांच्या तांब्यावर चांदीचा पातळ मुलामा असतो, आणि हवेतल्या गंधकाच्या वायूंनी चांदीवर सिल्व्हर सल्फाइड धरतं. न वापरलेले पैंजण काळे पडतात ते यामुळेच. पैंजण रिठ्याच्या पाण्यानं उजळतात, इथं मात्र कोरडं खोडरबर हलक्या हातानं फिरवायचं. वॉरंटी शिल्लक असेल तर स्क्रूला हातच लावू नये.

चांदीचा हा स्वभाव मोठमोठ्या डेटा सेंटरांनी उलट कामाला लावला आहे. तिथं चांदीची आणि तांब्याची छोटी पट्टी महिनाभर हवेत ठेवतात आणि तिच्यावर किती थर चढला ते मोजतात. आयएसए ७१.०४ या मानकानुसार, चांदीवरचा थर महिन्याला २०० अँगस्ट्रॉम, म्हणजे २० नॅनोमीटरच्या आत राहिला तरच ती हवा यंत्रांना सौम्य समजली जाते.

केबल, वीज, बोर्ड ठीक निघाले की बायोस उघडावं. तिथं डिस्कचं नाव दिसत असेल तर जीव भांड्यात पडायला हरकत नाही. मग विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जावं. कधी कधी डिस्कला नुसतं ड्राइव्हचं अक्षर मिळालेलं नसतं, ते दिलं की काम झालं. कधी भानगड पार्टिशन टेबलात असते. जुन्या एमबीआर पद्धतीत हे टेबल पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये असतं आणि त्याचा आकार असतो अवघा ६४ बाइट. ते बिघडलं की अख्खी डिस्क रिकामी भासते. प्रमाण चांदीत मांडायचं तर १५,६२५ टन मालातली एक ग्रॅम चांदी हरवली आणि सगळा मालच दिसेनासा झाला. जगभरच्या खाणींतून वर्षाला निघते तीच मुळी सुमारे २५ हजार टन चांदी. अशा वेळी विंडोज ‘फॉरमॅट करू का?’ असं विचारतं. माल आतच असतो, म्हणून उत्तर ‘नाही’ हेच द्यायचं आणि आधी डेटा परत मिळवणाऱ्या सॉफ्टवेअरची किंवा जाणकाराची मदत घ्यायची. नव्या जीपीटी पद्धतीत या टेबलाची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते.

बायोसमध्ये नाव नाही आणि डब्यातून ‘टक् टक्’ असा आवाज येतो, तर आपण नॅनोमीटरच्या मुलखात आलो. आतली तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते. तिचा काठ ताशी सव्वाशे किलोमीटरहून जास्त वेगानं पळतो. दिवसाला आठ तास, वर्षाला तीनशे दिवस धरले तर फेरे शंभर कोटींवर जातात आणि काठावरचा एक बिंदू तीन लाख किलोमीटर कापतो. त्या धावत्या पृष्ठभागापासून हेड काही मोजक्या नॅनोमीटरवर तरंगत असतं. तीन नॅनोमीटर अंतर धरलं तर मधल्या फटीत चांदीचे अणू एकावर एक ठेवले तरी दहाच मावतील. आपला केस जाडीला ८० हजार नॅनोमीटरच्या आसपास भरतो. धुराचा कणही या फटीपुढं डोंगर ठरतो.

म्हणून घरी झाकण उघडायचं नाही, फ्रीजमध्ये ठेवायचे प्रयोग करायचे नाहीत, आणि ‘अजून एकदा चालू करून बघू’ हेही नको. हेड तबकडीला टेकलं असेल तर त्या एका मिनिटात ७,२०० वेळा घासलं जाईल. वीज तोडावी आणि डिस्क स्वच्छ खोलीत काम करणाऱ्या तज्ज्ञाकडं द्यावी.

या सगळ्यात आपल्या बाजूचा आकडा एकच आहे. सेकंदाला दीडशे मेगाबाइट वेग मिळाला तर भरलेल्या एक टेराबाइट डिस्कची दुसरी प्रत दोन तासांच्या आत निघते. ती मात्र डिस्क दिसत असतानाच काढावी लागते.