शिकागो शहर : दोघांनीं तें कसें पाहावें ?

परदेशांतील एखादें मोठें शहर पाहून आलेल्या मनुष्यास ‘काय पाहिलें ?’ असें विचारलें, तर बहुधा तो नांवांची एक यादी सांगतो. अमुक मनोरा, तमुक संग्रहालय, एक बाग, एक पूल. यादी संपली कीं वर्णनहि संपतें. यांत त्याचा दोष म्हणावा असें नाहीं. वस्तु पुष्कळ आणि दिवस थोडे असले म्हणजे पाहणें मागें पडतें आणि मोजणें तेवढें उरतें.

महाराष्ट्रांतील अनेक घरांतून आज आईबाप मुलाकडे अथवा लेकीकडे अमेरिकेस जातात व तेथें कांहीं महिने राहतात. त्यांचा बराचसा काळ घरांतच जातो. बाहेर पडावयाचें तर मोटार पाहिजे, आणि मोटार चालविणारा मुलगा कामावर गेलेला असतो. सुटीच्या दिवशीं तो मोठ्या हौसेनें त्यांना हिंडवून आणतो. परंतु मोटारीच्या मागच्या बाकावरून पाहिलेलें शहर हें दुसऱ्यानें वाचून दाखविलेल्या पत्रासारखें असतें. मजकूर कळतो, पण अक्षर दिसत नाहीं. संसाराच्या धांवपळींतून मोकळीक मिळावयाची ती ज्या वयांत, नेमक्या त्याच वयांत तीं दोघें अशीं इतरांच्या सवडीवर अवलंबून राहतात. यावर एक साधा उपाय आहे. पायीं आणि आगगाडीनें हिंडतां येईल असें एखादें शहर निवडून तीनचार दिवस दोघांनींच तेथें जाऊन राहावें. शिकागो हें अशा शहरांपैकीं एक होय.

मात्र तेथें जातांना यादीऐवजीं एक प्रश्न बरोबर न्यावा. हें शहर या ठिकाणीं उभें तरी कसें राहिलें ? कारण जागा शहरास योग्य अशी मुळींच नव्हती. ‘शिकागो’ हें नांवच तेथील मूळ रहिवाशांच्या भाषेंतील रानलसणीच्या नांवावरून पडलें. नदीकांठच्या दलदलींत ती लसूण माजलेली असे. जमीन सपाट, पाणी वाहून जाण्यास उतार नाहीं आणि सर्वत्र चिखल. परंतु एका बाजूस मिशिगन सरोवराचें अफाट गोडें पाणी आणि दुसऱ्या बाजूस मिसिसिपी नदीकडे जाणारे प्रवाह, या दोहोंमधील अंतर येथें फार थोडें आहे. १८४८ सालीं हीं दोन्ही पाणीं एका कालव्यानें जोडलीं गेलीं, त्याच वर्षीं पहिली आगगाडीहि धांवली, आणि व्यापार लोटला. १८४० सालीं पुरती पांच हजारहि वस्ती नसलेल्या या गांवांत १८९० सालीं दहा लाखांहून अधिक लोक राहत होते.

या प्रश्नाचें पहिलें उत्तर नदीवर मिळतें. शहराच्या मध्यभागांतून जाणाऱ्या शिकागो नदींत प्रवाशांच्या बोटी चालतात व सुमारें दीड तासांत दोन्ही कांठांवरील इमारतींची माहिती सांगतात. बोटींत बसल्यावर बहुतेकांच्या माना वर असतात. दोघांपैकीं एकानें तरी खालीं पाण्याकडे पाहावें. कारण या शहराची खरी कथा तेथें आहे. पूर्वीं गांवची सारी घाण या नदींत येई, नदी ती सरोवरांत नेई, आणि पिण्याचें पाणीहि त्याच सरोवरांतून घेतलें जाई. पटकी व विषमज्वर यांच्या सांथी वारंवार येत. १८५५ नंतर एलिस चेसब्रो या इंजिनिअरानें गटारांची योजना आंखली; पण सपाट चिखलांत गटारांना उतार मिळेना. तेव्हां गटारें जमिनीवरच बांधून, त्यांवर भर घालून रस्ते उंच करण्यांत आले, आणि जुन्या इमारती शेंकडों जॅक लावून वर उचलण्यांत आल्या. १८६१ मध्यें ट्रेमाँट हाउस नांवाचें विटांचें मोठें हॉटेल पाहुणे आंत राहत असतांनाच उचललें गेलें.

तेवढ्यानें भागलें नाहीं, म्हणून १८६७ सालीं सरोवराच्या तळाखालून दोन मैलांचा बोगदा नेऊन दूरचें स्वच्छ पाणी आणलें. तरीहि घाण मागोमाग तेथवर पोंचण्याची भीति राहिलीच. अखेर नदीच उलट फिरविण्याचें ठरलें. सरोवर आणि पश्चिमेकडील नद्या यांमधील उंचवटा फोडून नदीच्या तळापेक्षांहि खोल असा २८ मैलांचा कालवा खणला गेला. १९०० च्या जानेवारींत तो उघडतांच सरोवरास मिळणारी नदी सरोवरापासून दूर वाहूं लागली. पाण्यास जिकडे उतार मिळेल तिकडे तें जातें, एवढेंच त्यांतील शास्त्र. परंतु शिकागोची घाण आतां खालच्या गांवांकडे निघाली. मिसिसिपीच्या कांठच्या सेंट लुइस शहरासाठीं मिसूरी राज्यानें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयांत फिर्याद केली. हानि सिद्ध होत नाहीं, असें म्हणून न्यायालयानें ती १९०६ सालीं फेटाळली. अशा प्रसंगीं घर चालविलेल्या बाईस सुचणारा प्रश्न इंजिनिअरच्या प्रश्नाइतकाच मोलाचा असतो : ‘अहो, आपल्या दारांतला केर यांनीं दुसऱ्याच्या दारांत लोटला, असेंच ना हें ?’ ज्याला हा प्रश्न पडला, त्यानें नदी पाहिली असें समजावें.

दुसरा दिवस इमारतींसाठीं ठेवावा. १८७१ च्या ऑक्टोबरांत ८ तारखेच्या रात्रीं आग लागली, ती १० तारखेपर्यंत जळत होती. सुमारें तीनशें माणसें मेलीं आणि एक लाख लोक बेघर झाले. शहर बहुतांशीं लांकडी. त्यांत पाणी चढविणाऱ्या पंपघराचें छप्पर जळून पंपच थांबले. पंपघराजवळचा १८६९ सालचा दगडी जलमनोरा मात्र वांचला व तो मिशिगन अव्हेन्यूवर आजहि उभा आहे. भोंवतालच्या गगनचुंबी इमारतींत तो खेळण्याएवढा दिसतो, तरी प्रथम तोच पाहावा.

राख झालेल्या जागेवर नवें बांधतांना जमीन महाग म्हणून इमारती उंच होऊं लागल्या. येथें मोनॅडनॉक ही इमारत पाहण्यासारखी आहे, कारण ती एका अंगावर दोन युगें वागविते. तिचा उत्तर भाग १८९१ चा, सोळा मजली, भिंतींवर उभा. एवढें ओझें पेलावयाचें म्हणून तळाशीं भिंत सुमारें सहा फूट जाड आहे. आणखी चढावें तर तळमजल्यावर भिंतींनाच सारी जागा द्यावी लागेल. दक्षिण भाग १८९३ चा. तेथें भार पोलादी सांगाडा घेतो व भिंत केवळ आडपडदा होते. महाराष्ट्रांतील जुने वाडे ज्यांनीं पाहिले आहेत त्यांस ही कल्पना नवी वाटणार नाहीं. तेथेंहि लांकडी खांब आणि तुळया भार घेत व भिंती मधली जागा भरून काढीत. शिकागोनें लांकडाच्या जागीं पोलाद घातलें आणि वर जाण्यास लिफ्ट जोडली.

इमारत फार उंच झाली कीं भारापेक्षां वारा अधिक त्रास देतो. त्याचें उत्तर विलिस टॉवरमध्यें आहे. १९७३ सालीं तयार झालेली ही ११० मजल्यांची, १४५१ फूट उंच इमारत २००९ पर्यंत सीअर्स टॉवर या नांवानें ओळखली जाई आणि १९९८ पर्यंत जगांत सर्वांत उंच गणली जात होती. तिची रचना करणारा फझलुर रहमान खान हा इंजिनिअर १९२९ सालीं डाक्का येथें जन्मला होता. त्यानें नऊ चौकोनी नळ्या एकत्र बांधल्यासारखा सांगाडा केला. एक काटकी वाऱ्यानें वांकते, मोळी वांकत नाहीं. त्यांपैकीं दोन नळ्या पन्नासाव्या मजल्याशीं थांबतात, दोन सहासष्टाव्याशीं, तीन नव्वदाव्याशीं, आणि उरलेल्या दोनच शेवटपर्यंत जातात. इमारतीच्या पायऱ्यापायऱ्यांच्या आकाराचा अर्थ हा. १०३ व्या मजल्यावर बाहेर काढलेले कांचेचे सज्जे आहेत. ज्यास घेरी येते त्यानें तेथें उभें राहण्याचा हट्ट धरूं नये. जोडप्यानें सर्व कांहीं जोडीनेंच पाहिलें पाहिजे असा नियम नाहीं.

हीच गोष्ट तिसऱ्या दिवशीं, आर्ट इन्स्टिट्यूट या चित्रसंग्रहालयांत, अधिक उपयोगी पडते. एकानें युरोपांतील चित्रांकडे जावें, दुसऱ्यानें भारतीय मूर्तींच्या दालनांत रमावें, आणि ठरलेल्या वेळीं दारांतील काशाच्या सिंहांपाशीं भेटावें. वेगळें पाहिलेलें एकमेकांस सांगतांना संध्याकाळ चांगली जाते. याच इमारतींत ११ सप्टेंबर १८९३ रोजीं सर्वधर्मपरिषदेंत स्वामी विवेकानंद बोलले. मुंबईचे चित्रकार जितीश कल्लाट यांनीं २०१० सालीं त्या भाषणाचीं अक्षरें येथील जिन्याच्या पायऱ्यांवर दिव्यांनीं उमटविलीं होतीं. शेजारच्या मिलेनियम पार्कमध्यें पोलादाच्या १६८ पत्र्यांचें, आरशासारखें चकचकीत असें शिल्प आहे. तें घडविणारे अनिश कपूर १९५४ सालीं मुंबईंत जन्मले. लोक त्यास गमतीनें ‘घेवड्याचा दाणा’ म्हणतात. त्यांत स्वतःचें प्रतिबिंब सर्वजण पाहतात. मागें वांकून दिसणारें सारें शहर पाहण्यास थोडें थांबावें लागतें. ही बाग रेल्वेच्या रुळांवर छत घालून केली आहे, हें पायांखालीं दिसत नाहीं, म्हणून सांगावें लागतें.

चौथ्या दिवशीं हें सर्व ज्यांच्या श्रमानें झालें त्यांची आठवण करावी. १८८६ च्या १ मे रोजीं आठ तासांच्या दिवसासाठीं जो संप झाला, त्याचें मुख्य ठाणें शिकागो होतें. ४ मे रोजीं हेमार्केट येथील सभेंत बाँब पडला. पोलीस व कामगार दोन्ही मेले. पुढील वर्षीं चौघांस फांशी झाली. परंतु तुरुंगांत उरलेल्या तिघांस राज्याच्या गव्हर्नरनें १८९३ सालीं, खटला न्यायाचा झाला नाहीं म्हणून, मुक्त केलें. महाराष्ट्रांत १ मे हा राज्याचा स्थापनादिवस तसा कामगार दिनहि आहे. त्यांतील दुसऱ्याचें मूळ या गल्लींत आहे.

व्यवहाराच्या दोनचार गोष्टी येथेंच सांगितलेल्या बऱ्या. मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने जाण्यास उत्तम. हिवाळ्यांत सरोवरावरून येणारा वारा सोसत नाहीं. उंच खांबांवरून धांवणारी ‘एल’ नांवाची आगगाडी १८९२ पासून चालू आहे. शहराच्या मध्याभोंवतीं तिचा फेरा आहे, त्यामुळें चुकण्याची भीति थोडी. जेवणासाठीं उत्तरेकडील डेव्हॉन अव्हेन्यूवर भारतीय दुकानें व खानावळी आहेत. एका दिवसांत दोनच स्थळें ठेवावींत व दुपारीं विश्रांति घ्यावी. दोघांच्या पायांत बळ सारखें नसतें; ज्याचें कमी त्याच्या बेतानें दिवस आंखावा.

उरलेली संध्याकाळ सरोवराच्या कांठीं घालवावी. तेथें एक पैसाहि लागत नाहीं. शहराच्या ऐन मध्यांत, जेथें जमीन सोन्याच्या भावानें विकली गेली असती, तेथें कांठावर मोकळें मैदान आहे. १८३६ च्या नकाशावर ही जागा इमारतींवांचून मोकळी ठेवावी अशी नोंद होती. पुढें तीवर बांधण्याचे बेत होऊं लागले, तेव्हां माँटगोमेरी वॉर्ड या व्यापाऱ्यानें १८९० पासून १९११ पर्यंत एकामागून एक दावे लढविले आणि ते जिंकले. त्या वेळीं तो गांवांत अप्रिय झाला. आज तेथें कोणीहि परका प्रवासी बायकोसह बांकावर बसूं शकतो, आणि सरोवरावरील सायंकाळ पाहण्यास त्याला कोणाची परवानगी लागत नाहीं.