औंढ्याच्या आरशांसाठी कोड लिहिणारा कोड

औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याजवळ लायगो-इंडियाची गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात ४-४ किलोमीटरच्या दोन भुजा आणि त्यांत चार टप्प्यांच्या लंबकाला टांगलेले, प्रत्येकी ४० किलोचे आरसे, अशी या यंत्राची रचना. आरशाचे हेलकावे शमवणारा प्रोग्राम दर सेकंदाला १६,३८४ वेळा चालत असेल, तर एका फेरीला जेमतेम ६१ मायक्रोसेकंद मिळतात. अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथल्या लायगोच्या वेधशाळांत असे प्रोग्राम सहसा कोणी ओळ न् ओळ हाताने लिहीत नाही. अभियंते सिम्युलिंक या सॉफ्टवेअरमध्ये ठोकळे जोडून आकृती काढतात. ‘रिअल-टाइम कोड जनरेटर’ ती आकृती वाचून सी भाषेतला कोड तयार करतो आणि तो लिनक्सच्या कर्नलमध्ये चढवला जातो. औंढ्याचे यंत्रही या वेधशाळांच्याच, म्हणजे ‘अ‍ॅडव्हान्स्ड लायगो’च्या रचनेचे असणार आहे. म्हणून टेम्प्लेटच्या मदतीला हेल्पर क्लास कसे रचावेत, हे या जनरेटरवरूनच पाहू.

आधी एक ओळखीचा कागद घेऊ. दाखल्याच्या छापील नमुन्यात नाव आणि गाव यांच्या जागा रिकाम्या असतात. हा झाला टेम्प्लेट. तो संगणकाने भरायचा ठरवला की अडचण येते. ‘राहतो’ लिहायचे की ‘राहते’? ‘सेनगाव’चे ‘सेनगावचे’ होते, पण ‘दुधाळा’चे ‘दुधाळाचे’ करून चालत नाही, ‘दुधाळ्याचे’ लिहावे लागते. हे निर्णय टेम्प्लेटमध्येच ‘जर-तर’ घालून घेतले, तर दहा नमुन्यांत दहा वेळा तेच लिहावे लागते आणि अकराव्यात चूक होते. त्यापेक्षा ‘गाव’ नावाचा एक हेल्पर क्लास करावा आणि त्याला सामान्यरूप विचारावे. टेम्प्लेटने आलेले उत्तर फक्त छापावे.

लायगोच्या जनरेटरमध्ये हा प्रश्न फार मोठा होतो, कारण एकच ठोकळा अनेक फाइलींत उमटतो. फिल्टरचेच पाहा. एका फिल्टर मॉड्यूलमध्ये एकामागे एक १० फिल्टर बसवता येतात. त्याच्यासाठी सी कोडमध्ये फिल्टर चालवणारी ओळ लागते. गेन, ऑफसेट, लिमिट हे आकडे चालकाला बाहेरून बदलता यावेत म्हणून एपिक्स या नियंत्रण प्रणालीत नोंदी लागतात. शिवाय नियंत्रण कक्षासाठी बटणांचा पडदाही लागतो. सी कोड, नोंदी आणि पडदा अशा तीन स्वतंत्र टेम्प्लेटांत फिल्टरची माहिती विखुरली, तर एक नवा गुण वाढवताना तिन्ही ठिकाणी हात घालावा लागेल.

म्हणून पर्ल भाषेत लिहिलेल्या या जनरेटरमध्ये ठोकळ्यांच्या प्रकारांनुसार वेगवेगळ्या फाइली आहेत. पर्लच्या भाषेत ती पॅकेजेस, पण काम हेल्पर क्लासचेच. मुख्य जनरेटर प्रत्येकाला ठरलेले तेच प्रश्न विचारतो: तुझा प्रकार कोणता? एपिक्समध्ये काय नोंदवू? कोणते व्हेरिएबल जाहीर करू? सुरुवातीला एकदाच करायचे काम कोणते? दर फेरीला कोणता कोड घालू? बेरजेच्या ठोकळ्याला एपिक्समध्ये काही नोंदवायचे नसते. तो त्या प्रश्नाला रिकामे उत्तर देतो आणि काम पुढे सरकते.

या प्रश्नांपैकी मला सर्वांत मोलाचा वाटतो तो शेजाऱ्यासाठीचा: तुझे उत्तर मला हवे असेल, तर सी कोडमध्ये काय लिहू? फिल्टर आपल्या आउटपुटच्या व्हेरिएबलचे नाव सांगतो. मॅट्रिक्स नेमका घटक सांगतो. ग्राउंडचा ठोकळा सरळ शून्य सांगतो. बेरजेला या तिघांच्या पोटात काय आहे हे कळण्याची गरज उरत नाही. उद्या नवा ठोकळा आला, तरी जुन्या हेल्परांना धक्का लागत नाही.

नावांसाठी मात्र वेगळा हेल्पर हवाच. एपिक्समधले नाव ‘एच१:एसयूएस-ईटीएमएक्स’ असे सुरू होते. एच१ म्हणजे हॅनफर्डचे यंत्र, एल१ म्हणजे लिव्हिंग्स्टनचे. सी भाषेतल्या व्हेरिएबलच्या नावात कोलन आणि आडवी रेघ चालत नाही. म्हणजे एकाच ठोकळ्याची दोन नावे झाली. ती दोन्ही एकाच हेल्परकडून मिळावीत, आणि एपिक्सची ६० अक्षरांची मर्यादाही त्यानेच तपासावी. लांबलेले नाव आकृती वाचतानाच अडवले, तर अभियंत्याला आपल्या आकृतीतली जागा दिसते. तेच यंत्र चालू करताना कळले, तर हजारो ओळींच्या तयार कोडमध्ये शोधत बसावे लागते.

हेल्परला मर्यादाही हवी. कोणता ठोकळा आधी चालवायचा, हे संपूर्ण आकृती पाहूनच ठरते. ते काम जनरेटरचे. हेल्परने शक्यतो फाइल उघडू नये, मजकूर परत द्यावा. तसे केले की एकट्या हेल्परची चाचणी घेता येते: असा ठोकळा दिला, तर अशी ओळ मिळाली पाहिजे.

या जनरेटरचा कोड आज खुला आहे. हिंगोली, नांदेड, परभणीत संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनी तो जरूर उघडावा. आधी बेरजेच्या ठोकळ्याची छोटी फाइल वाचा, मग फिल्टरची, आणि त्यानंतरच मुख्य जनरेटरला हात घाला.